परदेशात ‘डॉल्बीवाला’ झालेला आमचा पोरगा आणि जयंती समितीचे न्यायालय

‘कर्ज काढून शिकायला पाठवला आणि तिकडे जाऊन डॉल्बीवाला झाला.’ गेले दोन महिने श्रीपूरच्या आमच्या वस्तीत हे वाक्य इतक्या तोंडांतून फिरले आहे की ते पहिल्यांदा कोण म्हणाले हेही आता सांगता येणार नाही. ज्याच्याबद्दल म्हटले तो पोरगा आमच्याच अभ्यासिकेत बसून शिकला. बाप कारखान्यावर हंगामी कामगार, आई रोजाने खुरपायला जाणारी. घर तारण ठेवून, बँकेचे कर्ज घेऊन तो इंग्लंडमधल्या लीड्स शहरात शिकायला गेला, तेव्हा विहारात सत्कार झाला, चौकात फ्लेक्स लागला. आज तो पदवी घेऊन दिवसा नोकरी करतो, हप्ते भरतो, घरी पैसे पाठवतो. आणि महिन्यातून एका शुक्रवारी तिथल्या एका तळघरात भरणाऱ्या बेस संगीताच्या रात्री तास-दीड तास रेकॉर्डी लावतो. एवढाच त्याचा गुन्हा.

त्या रात्रीचा एक व्हिडिओ वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. अंधार, चाळीस-पन्नास माणसे आणि मोबाइलच्या स्पीकरमधून नुसती घरघर. शब्द नाही, गाणे नाही. तेवढ्यावर निकाल लागला. अभ्यासिकेच्या भिंतीवरचा त्याचा फोटो जयंती समितीने काढायला लावला आणि त्याने पाठवलेला एक प्रस्ताव न वाचताच बाजूला ठेवला. प्रस्तावाकडे आम्ही येऊच. आम्ही, म्हणजे ही अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते, या निकालाच्या विरोधात आहोत. हे इथे उघड लिहितो आहोत, कारण ज्या ज्या वस्तीतले पोरगे-पोरगी बाहेर शिकायला गेले आहेत तिथे आज ना उद्या हेच न्यायालय भरणार आहे.

आधी हे ‘बेस’ प्रकरण काय आहे ते समजून घ्या. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून गरीब वस्त्यांत साउंड सिस्टम उभ्या राहिल्या. ज्यांना हॉटेलात जाऊन वाद्यवृंद ऐकणे परवडत नव्हते त्यांनी रस्त्यावर आणि मोकळ्या पटांगणात मोठाले स्पीकर लावून रेकॉर्डी वाजवल्या. १९४८ साली ‘विंडरश’ जहाजाने कॅरिबियन बेटांवरची माणसे इंग्लंडला नेली. ती तिथे बस चालवत, इस्पितळात रुग्णांची सेवा करत. पण घर भाड्याने मागायला गेली की दारावर पाटी असे : काळ्यांना जागा नाही. पबमध्ये प्रवेश नाही, नाचघरात प्रवेश नाही. ही पाटी आपल्याला कुणी समजावून सांगायला हवी का? मग त्यांनी घरांच्या तळघरांत स्वतःचे स्पीकर लावले. ड्यूक विन नावाच्या जमैकन माणसाने १९५५ च्या सुमारास लंडनमध्ये पहिली साउंड सिस्टम उभी केली. ज्यांना कुणी आत घेत नव्हते त्यांनी स्वतःचे ‘आत’ तयार केले. आजचे सगळे बेस संगीत, डब, जंगल, डबस्टेप, याच तळघरातून निघाले.

आमचा पोरगा ज्या लीड्समध्ये वाजवतो त्या शहराचीही गोष्ट ऐका. १९६९ साली डेव्हिड ओलुवाले या नायजेरियन बेघर माणसाचे प्रेत तिथल्या एअर नदीत सापडले. दोन पोलीस अधिकारी त्याला कित्येक महिने मारझोड करत होते. १९७१ साली त्याबद्दल त्यांना शिक्षाही झाली. त्याच शहरात १९६७ पासून कॅरिबियन लोकांचा कार्निव्हल निघतो. आणि १९९८ पासून ‘सबडब’ नावाची बेस संगीताची रात्र भरते. ती अनेक वर्षे वेस्ट इंडियन सेंटरमध्ये, म्हणजे त्या समाजाच्या स्वतःच्या वास्तूत भरत आली. आपल्याकडच्या समाजमंदिरासारखीच ती जागा. ‘डिस्को’ म्हणून हिणवण्याआधी निदान एवढे माहीत असावे.

आमच्यातल्या समाजशास्त्र शिकलेल्यांना हे नवे नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात समाजशास्त्र शिकलेल्या लिंटन क्वेसी जॉन्सन या काळ्या कवीने १९८० साली आपल्या अल्बमचे नावच ‘बेस कल्चर’ ठेवले. त्याने ही घरघर पोलिसी अत्याचाराच्या कवितेखाली वाजवली. राज्यसंस्थेलाही त्या घरघरीतले राजकारण बरोबर कळले होते. १९९४ च्या ब्रिटिश फौजदारी कायद्याने मोकळ्या जागेतल्या संगीत-जमावांवर बंदी घालताना ‘पुन्हा पुन्हा येणारे ठोके’ अशी संगीताची व्याख्या कायद्यात लिहिली. लंडन पोलिसांनी २००५ पासून ‘फॉर्म ६९६’ नावाचा अर्ज आणला. संगीत कोणते, एवढेच नव्हे, तर ऐकायला येणारे लोक कोणत्या वंशाचे, हेही सुरुवातीला त्यात विचारले जात होते. २०१७ साली तो रद्द झाला. जयंतीच्या मिरवणुकीची परवानगी काढायला जे पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसले आहेत त्यांना हा अर्ज वाचताना आपलाच वाटेल.

इथेही आवाज कुणाचा, यावरच सगळे ठरते. शिर्डीत १६ मे २०१५ रोजी सागर शेजवळ या तरुणाला ठार मारले, ते मोबाइलच्या रिंगटोनवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून. नर्सिंग शिकणारा पोरगा. नांदेडजवळच्या बोंढारला अक्षय भालेराव १ जून २०२३ रोजी मारला गेला. गावात भीमजयंती काढली याचा तो राग होता. तिथे डेसिबल कुणी मोजले होते? रिंगटोन किती डेसिबलची असते? गावगाड्याला आवाजाचा त्रास होत नाही, आवाजाच्या मालकाचा होतो.

म्हणूनच आपल्याच माणसांनी आपल्या पोराच्या आवाजावर न्यायालय भरवले की आम्हाला जास्त लागते. पुण्याच्या एखाद्या मोठ्या घरातला मुलगा बोस्टनला जाऊन गिटार वाजवतो, तेव्हा त्याचे नातेवाईक काय म्हणतात? ‘अभ्यास सांभाळून कला जोपासतो.’ त्याच्या समाजाचे उत्थान त्या गिटारीतून होते का, असे कुणी विचारत नाही. त्याला फक्त स्वतःचे आयुष्य जगायचे असते. आमचा पोरगा मात्र रेकॉर्ड लावतो तर ‘वाया गेला’, ‘समाजाचा पैसा फुकट’. अहो, समाजाचा पैसा कुठला? कर्ज बँकेचे आहे आणि हप्ते तो स्वतः भरतो. आणि राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर गेला असता तरी आम्ही हेच म्हटले असते. शिष्यवृत्ती शिक्षणासाठी मिळते, शिक्षण पुरे केले की तिचे काम झाले. शुक्रवारची रात्र तिने विकत घेतलेली नसते. बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले आणि त्यांनी पदव्यांची रास लावली, हे खरेच. पण त्याच बाबासाहेबांना पुढे व्हायोलिन शिकण्याची हौस होती हेही खरे आहे. ते व्हायोलिन कोणत्या प्रबोधनासाठी होते? त्यांना आवडत होते, बस्स. ज्या समाजाला शतकानुशतके आनंदही दुसऱ्याच्या दारात उभे राहून मागावा लागला, त्याच्या पोरांनी आनंदाचा हिशेब आता समितीला द्यायचा?

‘शब्दच नाहीत, मग त्यात प्रबोधन कसले?’ हा आक्षेप आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने घेतला. त्यांचे वय आणि त्यांनी खाल्लेल्या लाठ्या यांचा आम्हाला आदर आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो. काका, डब संगीत शब्दांतूनच निघाले आहे. किंग्स्टनमध्ये रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा किंग टबी नावाचा कारागीर गाण्याच्या ध्वनिफितीतून गायकाचा आवाज काढून टाकत असे, उरत असे ढोल आणि बेस. ती मोकळी जागा कशाला? माईकवरच्या माणसाला बोलता यावे म्हणून. वस्तीची बातमी, पोलिसांचा छापा, भाववाढ, सगळे तो त्या ठोक्यावर बोलत असे. जलसा यापेक्षा फार वेगळा नव्हता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. तमाशा तेव्हा काही प्रतिष्ठित नव्हता. समितीसारखे लोक तेव्हा असते तर कर्डकांचाही फोटो उतरवला असता.

आमच्यातले काहीजण वेगळा, जास्त जड मुद्दा मांडतात. वाजवणे हे आपल्यावर लादलेले काम होते, ते आपण सोडले. आता पोरगा पुन्हा वाजवतो म्हणजे मागे गेला. हा मुद्दा आम्ही उडवून लावत नाही. सोलापूरच्या गावागावांत हलगी मातंगांच्या माथी मारली गेली, दवंडी आणि मेलेले ढोर महारांच्या. लग्न पाटलाचे आणि हलगीवाला मांडवाच्या बाहेर, उन्हात. ज्यांनी जत्रेत हलगी वाजवायला नकार दिला त्यांच्यावर गावांनी बहिष्कार टाकले. तो नकार म्हणजे माणूसपणाचा हक्क होता, आणि महार वतन कायद्याने गेले तेही १९५८ नंतरच. पण नकार सक्तीला होता की चामड्याच्या आवाजाला? तमिळनाडूत पराई या वाद्याबद्दल हाच वाद झाला. प्रेतयात्रेत सक्तीने वाजवायचे वाद्य म्हणून दलित तरुणांनी ते टाकले होते. नंतर तेच वाद्य त्यांनी स्वतःच्या अटींवर हाती घेतले. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने गाना आणि रॅपसोबत पराई मंचावर आणली तेव्हा ती कुणाच्या मयतीला बोलावलेली नव्हती. लीड्सच्या तळघरातल्या पोराला कोणत्या पाटलाने सांगावा धाडला होता?

मंच कुणाचा, हा प्रश्न आमच्यासाठी नेहमी पहिला असतो. आमच्या शेजारी अकलूज आहे. तिथल्या लावणी स्पर्धेने लावणीला प्रतिष्ठा दिली असे सगळे म्हणतात. दिली असेल. पण नाचणाऱ्या बायका एका समाजाच्या, मंच दुसऱ्याचा आणि शिटी तिसऱ्याची, हे चित्र प्रतिष्ठेने बदलत नाही. लंडनमध्येही असेच झाले. १९९० च्या दशकात ‘एशियन अंडरग्राउंड’ची लाट आली. तलविन सिंग यांची ‘अनोखा’ ही रात्र १९९५ पासून ब्लू नोट क्लबात दर सोमवारी भरू लागली. मुंबईहून गेलेला श्री नावाचा बेस गिटारवादक ‘बॅडमार्श अँड श्री’ या जोडीतून पुढे आला. त्यांची रेकॉर्ड कंपनी होती ‘आउटकास्ट’. इंग्रजीत या शब्दाची दोन स्पेलिंगे होतात, कंपनीने घेतले ते ‘जात’ असलेले. इंग्लंडमध्ये वर्णावरून दूर ठेवल्या गेलेल्या आशियाई तरुणांना तो शब्द आपला वाटला, हे आम्ही समजू शकतो. पण बाबासाहेबांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ काढली आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. ‘बहिष्कृत’ हा आमच्यासाठी अल्बमच्या वेष्टनावरचा शब्द नाही, तो पाणवठ्यावरचा आहे. तिकडे तो मिरवला गेला आणि जातीची चर्चा मात्र झाली नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा उल्लेख यावा म्हणून आपले लोक तिथे झगडले. २०१८ साली तिथल्या सरकारने वेगळा कायदा करणार नाही असे सांगून हात वर केले. अशा देशात आमचा माणूस स्वतःच्या नावाने डेकच्या मागे उभा राहतो. ज्या मराठी लोकांच्या गणपतीला तो पहिल्या वर्षी गेला तिथे पहिला प्रश्न आडनावाचा आला आणि दुसरा ‘म्हणजे मूळचे कुठले?’ तळघरात त्याला दोन्ही प्रश्न कुणी विचारले नाहीत, असे तो सांगतो.

तरीही त्याला आमचेही काही सांगणे आहे, कारण आम्ही त्याचे वकील नाही. तो काळ्या लोकांच्या घरात पाहुणा आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, हे नाते मोठे आहे. पण नात्यातल्या माणसानेही दुसऱ्याच्या घरात चप्पल काढूनच जायचे असते. ज्यांची रेकॉर्ड लावतोस त्यांचे नाव माईकवर घे, त्यांच्या सेंटरवर संकट आले तर त्यांच्या मोर्चात जा. ब्रिटनमधल्या इतर विद्यार्थ्यांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. विद्यार्थी व्हिसावर असताना स्वयंरोजगार आणि कलाकार म्हणून काम करायला तिथे मनाई आहे. दोन पैसे मिळतात म्हणून कुणी डेकवर उभे राहू नये, व्हिसा गेला तर पदवी आणि कर्ज दोन्ही बोकांडी बसतील. आमचा पोरगा पदवीनंतरचा व्हिसा मिळेपर्यंत फक्त ऐकायला जात होता, हे त्याच्या शहाणपणाचे लक्षण मानायचे की वाया जाण्याचे, हे समितीने ठरवावे.

शीलाचा मुद्दाही निघाला. पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतली दारूबंदीची प्रतिज्ञा आमच्यासाठी पक्की आहे, तिकडच्या गांजाचेही आम्ही कौतुक करणार नाही. पण तो पीत नाही. जागा दारूची असेल म्हणून वाजवणारा भ्रष्ट, हा तर्क लावायचा तर मग जयंतीच्या रात्री डॉल्बीच्या ट्रकपुढे कितीजण शुद्धीवर होते ते आधी मोजू या. एकाने तर नृत्य-गीत-वाद्य वर्ज्य असल्याचे शील काढून दाखवले. भाऊ, ते उपोसथाच्या अष्टशीलातले आहे, पंचशीलातले नाही. आणि ते दाखवणारे गृहस्थ समितीचे डॉल्बीचे टेंडर ठरवायला पुढे होते.

आता तो प्रस्ताव. दर वर्षी जयंतीला आपण डॉल्बीची भिंत भाड्याने आणतो. एका रात्रीचे भाडे लाखाच्या घरात जाते. वर्गणी वस्तीची. त्यात ऊसतोडीहून परतलेल्यांचीही असते. सकाळी ट्रक निघून जातो आणि आपल्याकडे राहते कानातली शिट्टी आणि पोलिसांची नोटीस. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. भिंत यातले काही पाळत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हाताऱ्यांची छाती धडधडते, तान्ही पोरे दचकतात, ती पोरेही आपलीच आहेत. आणि बायका? त्या मागे, पांढऱ्या साडीत, मेणबत्ती धरून. ट्रकपुढच्या त्या घोळक्यात शिरायची अभ्यासिकेतल्या एकाही मुलीची हिंमत होत नाही, हे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितले आहे.

पोरगा लिहितो : भिंत आणू नका, स्वतःचा संच बांधा. चार बेसचे खोके, वरचे दोन, एक ॲम्प्लिफायर. प्लायवूडचे खोके आपल्या वस्तीतला सुतार कापू शकतो, मापे त्याने काढून पाठवली आहेत. निम्मा खर्च तो देणार, निम्मा एका वर्षाच्या भाड्यातून निघेल. संच विहाराच्या मागच्या खोलीत राहील. तिकडच्या रात्री तो शिकला ती गोष्ट ही : चांगला बेस फार मोठ्या आवाजात लागत नाही, नीट बांधलेल्या खोक्यातून तो कानाआधी पोटात कळतो, आणि लोक स्पीकरपुढे जागच्या जागी नाचतात, मिरवणूक अडवून नाही. कानात घालायचे बोळे दाराशी मिळतात. दहाला संच बंद. आम्ही त्यात आमचे दोन मुद्दे घातले. विहाराच्या पटांगणात पहिला तास बायका-मुलींचा. आणि १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीला संच मातंग वस्तीत विनाभाडे जाईल. हलगीवाल्याला त्या बेसवर माईक आणि मानधन मिळेल. वामनदादांची परंपरा, मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्याच्या कॅसेटी, अमरावतीच्या पोरांचे रॅप, हे सगळे त्याच खोक्यांतून वाजेल. दिल्लीत तरू दालमिया यांनी बीएफआर नावाची साउंड सिस्टम बांधून आंदोलनांत नेली. चांगले केले. पण लाखो लोकांची जयंती साजरी करणाऱ्या आपल्या समाजाकडे गावपातळीवर स्वतःचे चार खोके असू नयेत?

ज्यांना भाड्याच्या भिंतीत रस आहे, त्यांना तो का आहे, हे आम्ही इथे लिहीत नाही. मागच्या तीन वर्षांचा जयंतीचा जमाखर्च फलकावर लावा, वस्तीला वाचता येते.

येत्या पौर्णिमेला समितीची बैठक आहे. आमचा ठराव लेखी दिला आहे. अभ्यासिकेच्या भिंतीवरचा फोटो परत लावावा, संचाचा प्रस्ताव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा आणि हात वर करून मतदान घ्यावे. हात वर करताना बायकांची मतेही मोजावीत. सुताराला आम्ही विचारून ठेवले आहे, बैठकीनंतरचा आठवडा तो मोकळा आहे.

जयभीम.